कल्याणची गलबते आणि वसईचे दार

कल्याणला बांधलेल्या गलबताला समुद्र गाठायचा तर वाटा दोनच. पहिली उल्हासच्या पाण्याने पश्चिमेला: डोंबिवलीच्या मोठागावावरून, मुंब्र्याच्या डोंगराच्या पायथ्याने, पुढे कोलशेत, घोडबंदर करत वसईच्या तटाखालून. दुसरी ठाण्यापाशी डावीकडे वळून ठाण्याच्या खाडीने मुंबई बंदरात. ठाण्याजवळचा हा दुवा अरुंद, उथळ आणि खडकाळ. भरतीच्या वेळी होडी, मचवा निघून जाई. मोठ्या गलबताचे ते काम नव्हते. म्हणजे कामाचे दार एकच, वसईचे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ पर्यंत ते दार त्यांच्याच हातात राहिले. ठाणेही त्यांचेच होते, म्हणून दुसरी वाटही त्यांच्या चौक्यांखालूनच जाई.

शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात कल्याणला झाली हे आपण अभिमानाने सांगतो आणि लगेच सिंधुदुर्गाकडे वळतो. मधे काय झाले, कल्याणला सुरू झालेले काम मालवणला का गेले, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. माझ्या मते त्याचे उत्तर या दोन वाटांमध्ये आहे.

मी डोंबिवलीची. माझगाव गोदीच्या आराखडा विभागात ट्रेसर म्हणून लागले, पुढे ड्राफ्ट्समन झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. दिल्ली वर्गाच्या विनाशिका बांधणीत होत्या त्या काळात आमच्या विभागाने रात्रीचा दिवस केला. त्या सवयीने जुन्या जहाजांविषयी वाचताना लढाई कोणी जिंकली हे मी नंतर बघते. जहाजाला किती पाणी लागत होते, तोफा किती उंचीवर होत्या, लाकूड कुठले होते, हे मला आधी हवे असते.

महाराजांच्या माणसांनी कल्याण आणि भिवंडी घेतली ती २४ ऑक्टोबर १६५७ रोजी. खाडीकाठी दुर्गाडी उभा राहू लागला आणि लढाऊ गलबतांचे काम सुरू झाले. पोर्तुगीजांना याची चाहूल लगेच लागली. ऑगस्ट १६५९ मध्ये गोव्याहून लिस्बनला गेलेल्या पत्रात शहाजीच्या मुलाने भिवंडी, कल्याण आणि पनवेल या बंदरांत लढाऊ गलबते बांधल्याचे कळवले आहे, आणि ती समुद्रावर येऊ द्यायची नाहीत असा हुकूम आपल्या कॅप्टनला दिल्याचेही. हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. गलबते जाळा असे त्यात नाही, कल्याणवर चालून जा असेही नाही. बाहेर येऊ देऊ नका, एवढेच. ज्याच्या हाती खाडीचे तोंड आहे त्याला याहून जास्त काही करावे लागत नाही.

या गलबतांवर काम करणारे लोक कोण होते हे आपल्याला कळते ते पांडुरंग पिसुर्लेकरांमुळे. गोव्याच्या दप्तरखान्यात आयुष्य घालवलेल्या या संशोधकाने पोर्तुगीज आणि मराठे यांच्या संबंधांची कागदपत्रे उजेडात आणली. त्यांत रुई लैतांव व्हिएगस आणि त्याचा मुलगा फेर्नांव हे दोघे भेटतात. कल्याणला महाराजांच्या चाकरीत असलेले हे पोर्तुगीज. त्यांच्याबरोबर बायकामुलांसह सुमारे ३४० माणसे होती, आणि वीस लढाऊ गलबते बांधणीत होती. ती जंजिऱ्याच्या सिद्दीवर जाणार असे सांगितले जाई. वसईच्या कॅप्टनला ते पटले नाही, किंवा पटले तरी पुरेसे वाटले नाही. आज सिद्दीवर जाणारे आरमार उद्या आपल्यावर येणार, हे कळायला त्याला कुणाचा सल्ला नको होता. त्याने व्हिएगसला निरोप धाडले, मन वळवले, आणि ही सगळी मंडळी एके दिवशी काम तसेच टाकून गुपचूप मुंबईकडे आणि वसईकडे निघून गेली. मुंबई त्या वेळी पोर्तुगीजांचीच होती. इंग्रजांच्या ताब्यात ती १६६५ मध्ये आली.

आपल्याकडे ही हकिकत सांगताना कधीकधी असे चित्र रंगवले जाते की कल्याणला युरोपातल्यासारखी मोठमोठी जहाजे होत होती आणि फितुरीने ती राहिली. कागद तसे म्हणत नाहीत. बांधणीत होती ती संगिसेल जातीची गलबते: हलकी, शीड आणि वल्ही दोन्हींवर चालणारी, थोड्या तोफांची. पोर्तुगीज स्वतः या किनाऱ्यावर गस्तीसाठी अशीच गलबते वापरत. त्यांची मोठी जहाजे लिस्बन आणि गोवा यांच्या दरम्यान वर्षातून एकदा मोसमी वाऱ्यावर ये-जा करत. खाडीत शिरायला ती बनलेलीच नव्हती.

हे मोठे जहाज म्हणजे नेमके काय होते, ते समजून घेण्यासारखे आहे. त्याच्या रचनेत माणसाने एका अवघड प्रश्नाशी दीडशे-दोनशे वर्षे झुंज दिली आहे.

प्रश्न वजनाचा होता. लोखंडी गोळा जहाजाच्या कुशीत घुसवायचा तर तोफ जड हवी. बत्तीस पौंडी गोळ्याची तोफ पावणेतीन टनांच्या आसपास जाते. अशा पंचवीस-तीस तोफा एका मजल्यावर आणि त्यांच्या वर आणखी एक-दोन मजले तोफा, म्हणजे पाण्याच्या रेषेच्या वर शेकडो टन लोखंड. आम्ही आराखड्यावर वजनांचा तक्ता मांडतो तेव्हा प्रत्येक वस्तू तळापासून किती उंच आहे ते त्यात लिहितो, कारण तेवढ्याच वजनाची वस्तू एक मजला वर चढवली की जहाजाचा तोल बदलतो. सतराव्या शतकातल्या जहाजबांधणाऱ्यांकडे असा तक्ता नव्हता. वडिलांनी मुलाला सांगितलेली प्रमाणे होती: कणा एवढा तर रुंदी एवढी, रुंदी एवढी तर खोली एवढी. ती प्रमाणे जुन्या, हलक्या तोफांच्या काळातली होती.

त्याचे फळ स्वीडनला मिळाले. १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या धक्क्यावरून ‘वासा’ हे ६४ तोफांचे नवेकोरे जहाज निघाले. जेमतेम तेराशे मीटर गेले, वाऱ्याच्या एका झोताने कलले, खालच्या मजल्याच्या उघड्या तोफखिडक्यांतून पाणी शिरले आणि लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाले. निघण्यापूर्वी धक्क्यालाच त्याची परीक्षा झाली होती. तीस माणसे या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवली, तिसऱ्या फेरीला जहाज इतके डोलले की परीक्षा थांबवावी लागली. तरीही ते पाठवले गेले. १९६१ मध्ये ते पाण्याबाहेर काढले आणि आज त्याची लांबी, रुंदी, वजन सगळे मोजता येते. माझ्या पेशातल्या माणसाने वासाचा उभा छेद एकदा तरी बघावा. तळ अरुंद, वरचा डोलारा उंच, दोन मजले तोफा. कागदावर बघतानाच पोटात गोळा येतो.

या चुकांतून रूप घडत गेले. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजाच्या कुशीला झडपेच्या खिडक्या आल्या आणि जड तोफा खालच्या मजल्यावर उतरवता आल्या. खिडकी पाण्यापासून किती वर, हा मग जीवनमरणाचा आकडा झाला. फार खाली ठेवली तर वारा जोराचा असताना उघडताच येत नाही, फार वर ठेवली तर तोल जातो. चांगल्या जहाजात ती पाच-सहा फुटांवर असे. पोर्तुगीजांच्या नाऊ जहाजाचे पोट मोठे, मागेपुढे उंच लाकडी मनोरे. गॅलियनमध्ये पुढचा मनोरा बसका झाला, अंग सडसडीत झाले, वाऱ्याच्या जास्त जवळून जाता येऊ लागले. जहाजाच्या कडा पाण्याच्या रेषेपासून वर जाताना आत झुकवल्या, म्हणजे वरच्या तोफा मध्यरेषेच्या जवळ आल्या. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रज आणि डच एकमेकांशी लढले तेव्हा जहाजे एकामागे एक रांगेत लावून कुशीच्या सगळ्या तोफा एकदम डागायची रीत पक्की झाली. त्यानंतर दोन-तीन मजली, ७४ ते १०० तोफांची जहाजे हेच समुद्रावरचे राज्य झाले. अशा ७४ तोफांच्या जहाजाला वीस फुटांहून जास्त पाणी लागते.

वीस फूट पाणी. कल्याणच्या गांधारे पुलावर ओहोटीला उभे राहून खाली पाहिले की या आकड्याचा अर्थ कळतो. दोन्ही बाजूंना चिखलाचे काळे पट्टे उघडे पडलेले असतात, मधल्या धारेत होडीवालाही जपून जातो. पूर्वी खाडी आजच्यापेक्षा खोल होती हे मान्य केले तरी वीस फुटांचे बुड घेऊन कुणी कल्याणपर्यंत आले नसते. उधाणाला वसई-मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी चार मीटरहून जास्त चढते, भांगाला त्याच्या निम्मेही नाही. इथला कोळी दिवसाची वेळ घड्याळाआधी पाण्यावरून सांगायचा, आणि गलबताचा आकारही त्या पाण्यानेच ठरायचा.

मराठ्यांची गुराब ही या पाण्यातून जन्मलेली आहे. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात तिचे बारकाईने वर्णन केले आहे. दोन किंवा तीन डोलकाठ्या, दोन डोलकाठ्यांची दीडशे टनांच्या आसपास, तीन डोलकाठ्यांची तीनशेपर्यंत. लांबीच्या मानाने रुंद, बुड उथळ, मध्यापासून टोकाकडे निमुळती होत जाणारी. नाळ मात्र युरोपी जहाजासारखी वर उचललेली नाही. ती सरळ पुढे, पाण्याला जवळ, चोचीसारखी निघालेली. लाट चढली तर त्या नाळेवरून वाहून दोन्ही बाजूंना उतरते. तिच्यामागे आडव्या भिंतीत दोन मोठ्या तोफा समोर तोंड करून बसवलेल्या. बाजूला लहान तोफा असत, पण खरा मारा समोरचा. बरोबर गलबते: सत्तर टनांच्या आतली, चाळीस-पन्नास वल्ह्यांची, फिरत्या लहान तोफांची.

ड्राफ्ट्समनच्या नजरेने पाहिले तर यात फार विचार आहे. कुशीला तोफांच्या रांगा लावल्या की अंग जाड आणि जड करावे लागते, बुड खोल जाते. दोनच जड तोफा नाळेमागे, तळाच्या कण्याच्या रेषेत बसवल्या तर त्यांचा धक्का जहाजाच्या लांबीत जिरतो आणि बाकी अंग हलके राहते. लढण्याची रीतही मग तीच ठरते. वारा पडला की युरोपी जहाज जागच्या जागी अडकते. गलबते वल्ह्यांवर गुराबांना ओढत त्याच्या मागे आणायची. तिथे त्याच्या कुशीच्या तोफा पोचत नाहीत. तिथून डोलकाठ्या आणि दोर फोडायचे, मग चारी बाजूंनी चढायचे. वारा असेल आणि मोकळा समुद्र असेल तर मात्र गुराबेने मोठ्या जहाजाच्या कुशीसमोर जायचे नाही.

खांदेरीला १६७९ मध्ये हे दोन्ही दिसले. महाराजांच्या लोकांनी मुंबईच्या तोंडावरचे ते बेट बांधायला घेतले आणि इंग्रजांनी वेढा घातला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचे साठेक गलबतांचे आरमार इंग्रजांवर चालून गेले. ‘डव्ह’ हे इंग्रज गलबत मराठ्यांच्या हाती पडले. पण ‘रिव्हेंज’ या जहाजाने, कप्तान केग्विन आणि मिंचिन यांच्या हाताखाली, एकट्याने उरलेल्यांना मागे हटवले. दिवसाच्या वाऱ्यात जहाज भारी पडले. रात्री मात्र मराठ्यांची हलकी गलबते किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून वल्ह्यांवर जात आणि बेटावर माणसे, दाणागोटा, दारूगोळा उतरवत. इंग्रजांना ते शेवटपर्यंत थांबवता आले नाही. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. समोरासमोरची लढाई इंग्रजांनी जिंकली आणि बेट मराठ्यांनी, असे मी म्हणेन.

हा विचार मराठ्यांच्या राज्यात नुसता सवयीचा नव्हता, तो लिहून ठेवलेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे प्रकरण आहे. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात. वाऱ्याशिवाय ज्यांचा उपयोग नाही अशी थोर जहाजे करण्यात अर्थ नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. प्रत्येक सुभ्याला पाच गुराबा आणि पंधरा गलबते. लाकडाबद्दलचे कलम तर मला नेहमी थांबवते. साग आपल्या रानातला, तोही परवानगीने. आंबा-फणसाला हात लावायचा नाही, कारण ही झाडे एक-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात. फारच जीर्ण झाड असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यायचे. त्याच अठराव्या शतकात युरोपातली राज्ये आरमारासाठी ओकची राने मोकळी करत होती. नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ या एका जहाजात सुमारे सहा हजार झाडे गेली असे सांगतात. अमात्यांच्या कलमामागे किती जाण होती हे अशा आकड्यापुढे ठेवल्यावर कळते.

तरीही मी गुराबेचे एकतर्फी गुणगान करणार नाही. मोकळ्या समुद्रावर हुकमत हवी असेल तर खोल बुडाचे, जड कुशीचे जहाज लागते, आणि ते मराठ्यांना कधी पुरेसे उभे करता आले नाही. तुळाजी आंग्र्यांनी विजयदुर्गजवळ त्या दिशेने पावले टाकली होती. तिथे मोठी जहाजे बांधणीवर होती. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज आरमाराच्या माऱ्यात आंग्र्यांचे आरमार जळाले आणि गोदीतली अर्धवट बांधलेली जहाजेही गेली. पेशव्यांची फौज त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने होती. या गोष्टीचे दुःख मला आजही होते, आणि ते लपवण्याचे कारण मला दिसत नाही.

कल्याणकडे परत येऊ. व्हिएगस गेल्यावर दोनच वर्षांत, मे १६६१ मध्ये, कल्याण मोगलांनी घेतले. ते परत यायला जवळजवळ दशक गेले. या काळात आरमार थांबले नाही, त्याने जागा बदलली. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. पुढच्याच फेब्रुवारीत ८५ लहान गलबते आणि तीन मोठी जहाजे घेऊन महाराज बसरूरवर गेले. मालवण, विजयदुर्ग, पुढे कुलाबा, खांदेरी. ही सगळी ठिकाणे पाहिली तर एक गोष्ट समान दिसते: तिथून निघालेल्या गलबताला दुसऱ्या कुणाच्या तटाखालून जावे लागत नाही. कल्याणचा धडा महाराजांनी नकाशावर अमलात आणला, असे मला वाटते. आणि दार उघडायचा प्रयत्नही त्यांनी सोडला नव्हता. कल्याण परत आल्यावर १६७२ मध्ये त्यांच्या लोकांनी घोडबंदरवर हल्ला केला. पोर्तुगीजांनी तो परतवला.

दार उघडले ते चिमाजी अप्पांनी. १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टी घेतली तेव्हा ठाण्याचा पोर्तुगीज किल्ला अजून पुरा बांधून झालेला नव्हता. १७३९ मध्ये वसई पडली. दोनशे वर्षांनी पहिल्यांदा कल्याणपासून समुद्रापर्यंतचे सगळे पाणी मराठ्यांच्या हाती आले. ते पुरे पस्तीस-छत्तीस वर्षे राहिले.

डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्यावर चाल केली. पोर्तुगीज आरमार आपली जुनी जागा परत घ्यायला येत असल्याची बातमी मुंबईत पोचली होती, त्याआधी ठाणे गाठायची त्यांना घाई होती. इंग्रज आरमाराचा कमोडोर जॉन वॉटसन या वेढ्यात मेला. तोफेचा गोळा त्याच्याजवळ वाळूत आदळला आणि उडालेली वाळू त्याच्या अंगात घुसली, असे इतिहासकार ग्रँट डफने लिहिले आहे. महिनाअखेरीस किल्ला पडला. आज त्या किल्ल्यात मध्यवर्ती कारागृह आहे. ठाणेकर रोज त्याच्या भिंतीवरून जातो. एका आरमारी युद्धाची जागा म्हणून त्याच्याकडे बघायची सवय आपल्याला नाही.

ठाणे गेल्यावर इथल्या डोंगरांतल्या लाकडाची वाट मुंबईच्या गोदीकडे वळली. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, १७५० मध्ये सुकी गोदी झाली आणि पुढे शंभर वर्षे या पारशी घराण्याने इंग्रज आरमारासाठी जहाजे बांधली. ‘मिंडेन’ ७४ तोफांचे, १८१०. ‘कॉर्नवॉलिस’ १८१३, त्यावर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला. ‘एशिया’ ८४ तोफांचे, १८२४. १८२७ च्या नवारिनोच्या लढाईत ते सेनापतीचे जहाज होते. हे तेच मोठे, दोन मजली तोफांचे युरोपी जहाज, पण लाकूड सागाचे आणि हात इथले.

सागाला त्यांनी का पसंत केले ते साधे आहे. ओकमधल्या आंबट द्रव्याने लोखंडी खिळे गंजतात आणि खिळ्याभोवतीचे लाकूड कुजते. सागातले तेल खिळ्याला सांभाळते, किडा लवकर लागू देत नाही. त्यात मुंबईच्या कारागिरांची सांध्याची रीत. युरोपात फळीला फळी नुसती भिडवून फटीत जुने दोर कोंबत. इथे एका फळीच्या कडेला खाच, दुसरीला तिच्यात बसणारी जीभ. मधे राळेचा हात दिलेल्या कापसाचा पातळ थर, मग दोन्ही ठोकून एकजीव करायच्या. फळ्या हाताने, पुनःपुन्हा बसवून बघत तासल्या जात. मी गोदीत पोलादी पत्र्यांचे जोड आराखड्यावर काढले आहेत. असा जोड जहाजाच्या वळणाऱ्या कुशीवर, संपूर्ण लांबीभर, रंध्याने आणि पटाशीने साधायचा म्हणजे काय, याची मला कल्पना करता येते, आणि त्या सुतारांविषयी मनात फार आदर वाटतो. त्यांची नावे कुठल्या पाटीवर नाहीत.

‘ट्रिंकोमाली’ या फ्रिगेटची हकिकत आमच्या विभागात मी सगळ्यांना सांगत असे. तिचे आराखडे लंडनहून ‘जावा’ या जहाजावर पाठवले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ला नामोहरम केले आणि आराखडे गेले. नवे संच यायला वेळ लागला. शेवटी जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली काम झाले, कण्यात रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला गेला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे आणि अजून तरंगते आहे. पोर्तुगीजांनी दमणला बांधलेली ‘दों फेर्नांदु’ ही ५० तोफांची फ्रिगेटही सागाचीच, नगर-हवेलीच्या रानातली. १८४३ मध्ये उतरलेली, आता लिस्बनसमोर आल्मादाला जपलेली. मुंबईत बांधलेले शेवटचे मोठे रांगेतले जहाज ‘मियानी’, १८४८. त्यानंतर वाफ आणि लोखंड आले.

मुंबईच्या जहाजांचे लाकूड सगळेच ठाण्याचे नव्हते. मलबारचा सागही खूप येई. पण १८११ मध्ये विल्यम टेलर मनी यांनी मुंबईतल्या जहाजबांधणीची बाजू मांडणारे जे पुस्तक लिहिले, त्यात वसईच्या उत्तरेला आणि ईशान्येला सह्याद्रीच्या पायथ्याने पसरलेल्या सागाच्या रानांचा आणि त्यांतून खाली येणाऱ्या नद्यांचा मुद्दाम उल्लेख आहे. म्हणजे तानसा, वैतरणा, भातसा यांचे खोरे. शहापूर, वाडा, जव्हारची राने. ओंडके बैलांनी खाडीपर्यंत ओढायचे आणि तिथून पाण्याने मुंबईस.

मग ट्रिंकोमालीच्या फासळ्यांतले काही लाकूड शहापूरच्या डोंगरावरचे आहे का? हे शोधता येण्यासारखे आहे. सागाला दरवर्षी वाढीची कडी पडते, पावसाच्या मानाने ती रुंद किंवा अरुंद होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकातच ठाणे परिसरातल्या सागाच्या कड्या मोजून त्यांचा पावसाशी असलेला संबंध तपासला आहे. अडचण एवढीच की उभी झाडे फार मागे जात नाहीत, आणि जहाजातले लाकूड १८१७ च्या आधीचे. मधला दुवा कल्याणमध्ये आहे. पारनाक्याच्या आसपासचे जुने वाडे पुनर्विकासात पडत आहेत, त्यांच्या सागवानी तुळया जुन्या लाकडाच्या वखारींत जातात आणि तिथे फर्निचरसाठी फाडल्या जातात. वाडा कधी बांधला हे घरच्या कागदांवरून बहुधा कळते. प्रत्येक तुळईची वीतभर चकती कापून, वाड्याचे नाव आणि साल लिहून ठेवली तर मागची दोनशे-अडीचशे वर्षे जोडता येतील. दुर्गाडीजवळ निवृत्त युद्धनौका टी-८० आणून नौदलाचे दालन उभे राहते आहे. या चकत्या ठेवायला तीच जागा योग्य आहे. वाडा पाडणाऱ्या कंत्राटदारांना भेटायला मी सुरुवात केली आहे. ज्यांच्या घरी अशी तुळई निघणार असेल त्यांनी ती वखारीत देण्याआधी एक चकती बाजूला ठेवावी.